सम्राटाचं घर, पाहुण्यांचं घर

मंगळवार

मी तीस वर्षं पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली. त्यामुळे कुठलीही इमारत बघायची म्हटलं की माझी नजर आधी जोत्यावर जाते, मग छपरावर, आणि माणसं सगळ्यात शेवटी. लेक चार वर्षांपासून टोकियोत आहे, निशी-कासाईला. तिने विचारलं, "आई, या खेपेला काय बघायचंय?" मी म्हटलं, राजवाडे. आणि त्यांची सरकारी पाहुणेघरंसुद्धा. राजाने स्वतःसाठी काय बांधलं आणि पाहुण्यासाठी काय बांधलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं. तिने दीड महिना आधीपासून परवानग्या काढायला घेतल्या. राजवाड्यांचा कारभार 'कुनाइचो' म्हणजे राजघराण्याचं खातं बघतं, पाहुणेघरांचा सरकार. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा. तिने वहीत तक्ताच केला होता.

ओतेमाचीला उतरून सकाळी पूर्वेकडच्या बागेत शिरलो. आज टोकियोचा राजवाडा आहे तिथे आधी एदोचा किल्ला होता (एदो हे टोकियोचं जुनं नाव), तोकुगावा शोगुनांचा, म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांचा. सम्राट क्योटोहून इथे आले ते १८६८-६९ मध्ये. तटाचे दगड बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड घासून बसवलेला, आणि भिंत खालून वर जाताना हळूच आत वळलेली. काही दगडांवर खुणा कोरल्यात. ज्या सरदाराने दगड पुरवले, त्याची निशाणी.

आत गेल्यावर एक भलंमोठं दगडी जोतं लागतं. वर काहीच नाही. बालेकिल्ल्याचा उंच मनोरा १६५७ च्या आगीत जळला, त्याच आगीत निम्म्याहून जास्त एदो शहर राख झालं. जोतं नव्याने बांधून झालं, पण होशिना मासायुकी या कारभाऱ्याने म्हटलं की आता मनोऱ्याची गरज नाही, आधी शहर उभं करा. ते जोतं आजही तसंच आहे. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर लहानपणापासून फिरलेय मी. तिथलं रितेपण वेगळं, ते नाइलाजाचं. इथलं कुणीतरी विचार करून ठेवलेलं. मी जोत्यावर चढले आणि वरच्या दगडावर हात टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिले.

दुपारी दीडची राजवाड्याची फेरी. पैसे पडत नाहीत, पासपोर्ट मात्र लागतो. किक्यो दरवाज्यातून आत घेतात, रांगेत उभं करतात, भाषेप्रमाणे गट पाडतात. पहिल्यांदा दिसला तो तीन मजली फुजिमी बुरूज, मनोरा गेल्यावर त्याची जागा यानेच चालवली. मग कुनाइचोची १९३५ ची इमारत. आणि मग मुख्य राजवाडा. मेइजी सम्राटांच्या काळातला लाकडी राजवाडा मे १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या आगीत गेला. त्यानंतर जवळजवळ पाव शतक राजवाडा नव्हताच, कुनाइचोच्या इमारतीतल्या दालनांत समारंभ व्हायचे. आताचा १९६८ मध्ये पुरा झाला.

मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार साधा निघाला. समोरचं चोवादेन म्हणजे सुमारे १६० मीटर लांबीची एकच आडवी रेघ. खाली काच, वर हिरवट पडलेलं तांब्याचं छप्पर, खांब मोजून एकसारख्या अंतरावर. २ जानेवारीला आणि २३ फेब्रुवारीला, सम्राट नारुहितोंच्या वाढदिवसाला, याच सज्जात राजघराणं येऊन लोकांना अभिवादन करतं. बाकी दिवस तिथे फरशी आणि आकाश. ड्रॉइंगवर एवढी लांब रेघ ओढायला धीर लागतो, हे मला माहीत आहे. मधेच काहीतरी घालावंसं वाटतं. इथे कुणी घातलं नाही.

शेवटी निजुबाशी पुलावर नेतात. सगळे फोटो काढतात तो पुढचा दोन कमानींचा दगडी पूल. खरा निजुबाशी त्याच्या मागचा लोखंडी. मुळात तिथे लाकडी पूल होता, खंदक खोल म्हणून खाली एक आधाराचा पूल आणि त्यावर दुसरा, म्हणून 'दुहेरी पूल'. आम्ही त्यावर उभे राहून बाहेर फोटो काढणाऱ्या गर्दीकडे बघत होतो.

बुधवार

पाहुणेघराला बुधवारी सुट्टी. लेक ऑफिसला गेली. मी घरी पाय शेकले, उपमा केला, आणि कालच्या चोवादेनचं उभं दृश्य आठवेल तसं वहीत काढलं.

गुरुवार

योत्सुया स्टेशनवरून चालत आकासाकाच्या पाहुणेघराला, 'गेइहिन्कान'ला. दारात विमानतळासारखी तपासणी. माझी पाण्याची बाटली बघून तिथल्या बाई हसून म्हणाल्या की एक घोट प्या. प्यायले. "झालं, पाणीच आहे एवढी खात्री करायची असते," लेक म्हणाली.

आणि मग समोर युरोप. पांढरा ग्रॅनाइट, दोन्ही बाजूंनी पुढे वळलेले पंख, खांबांच्या जोड्या, हिरवं छप्पर. हा वाडा १९०९ मध्ये युवराजासाठी पुरा झाला. दहा वर्षं काम चाललं होतं. वास्तुकार कातायामा तोकुमा, म्हणजे जपानात पाश्चात्त्य वास्तुकला शिकवणाऱ्या जोसाया काँडर यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्या पिढीला जगाला दाखवायचं होतं की तुमच्या भाषेत आम्हीही बोलू शकतो, तेही अस्खलित. भूकंपाचा विचार करून भिंतींत अमेरिकेहून आणलेलं पोलाद घातलं. असं सांगतात की पुरं झाल्यावर कातायामा मेइजी सम्राटांकडे गेले, तेव्हा सम्राट एवढंच म्हणाले, फार उधळपट्टी झाली. युवराज इथे फारसे राहिलेच नाहीत.

छपरावर बघा म्हणून मी सगळ्यांना सांगेन. ब्राँझचे दोन सामुराई आहेत, चिलखत आणि शिरस्त्राण घातलेले. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. लेक म्हणाली, "याला आ-उन म्हणतात. देवळांच्या दाराशी असतात तसेच." हे आ-उन मूळ संस्कृतातलं, अ आणि हूं, बौद्ध धर्माबरोबर इथे आलेलं. आरंभ आणि अंत. फ्रेंच थाटाच्या छपरावर जपानी योद्धे, आणि त्यांच्या तोंडात आपली वर्णमाला. मी मान वर करून इतका वेळ बघत राहिले की पहारेकऱ्याने येऊन बरं आहे ना विचारलं.

आत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे नीट बघितलं. आसाही-नो-मा दालनात छतावर पहाटेची देवी आणि नॉर्वेहून आणलेल्या संगमरवराचे खांब. हागोरोमोच्या दालनात सुमारे ८०० किलो वजनाची झुंबरं, आणि भिंतीवरच्या वाद्यांच्या नक्षीत पाश्चात्त्य वाद्यांमध्ये बसवलेली जपानी बिवा. सगळं उत्तम आहे, पण मन खेचलं ते काचो-नो-मा या जेवणाच्या दालनाने. काचो म्हणजे फुलं आणि पक्षी.

त्या दालनाच्या भिंती काळपट तपकिरी लाकडाच्या. त्यांत तीस लंबगोल चकत्या बसवल्यात, मीनाकारीच्या. दुरून वाटतं जलरंगातली चित्रं आहेत. जवळ गेलं की चकाकी कळते. नामिकावा सोसुके यांचं काम, मूळ चित्रं वातानाबे सेइतेइ यांची. आपल्याकडची मीनाकारी मी जयपूरच्या दागिन्यांत बघितलीय, तिथे दोन रंगांमध्ये धातूची कड असते. जपानातही तसंच, बारीक तारेचं कुंपण घालून त्यात रंग भरतात. नामिकावांनी काय केलं, तर भट्टीत घालण्याआधी ती तारच काढून घेतली. मग रंगाला कुंपण उरत नाही, एक रंग दुसऱ्यात विरतो, तरी पसरत नाही. एका पक्ष्याच्या छातीवरचा राखाडी रंग पोटाशी येईपर्यंत पांढरा झाला होता, आणि मधे कुठे रेघ नव्हती. मी आयुष्यभर रेघा काढल्या. रेघ काढून टाकूनही आकार जिथल्या तिथे राहतो, हे काचेत करून दाखवणं किती अवघड असेल याचा विचार करत मी तिथून हलेना. एवढ्या परदेशी थाटात बसवलेलं ते त्या घरातलं सगळ्यात जपानी काम होतं.

युद्धानंतर ही वास्तू सरकारकडे आली. संसदेचं ग्रंथालय इथे होतं, १९६४ च्या ऑलिम्पिकची समिती इथे बसायची. मग मुरानो तोगो यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन १९७४ मध्ये हे सरकारी पाहुणेघर झालं, आणि पहिले पाहुणे आले अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड. २००९ मध्ये 'राष्ट्रीय ठेवा' ठरलं. मेइजी आणि त्यानंतरच्या काळातल्या वास्तूंमध्ये हा मान पहिल्यांदा याच घराला मिळाला. २०१४ मध्ये आपल्या आणि जपानच्या पंतप्रधानांच्या वाटाघाटी इथेच झाल्या होत्या.

शुक्रवार

सकाळच्या शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योटो, सव्वादोन तास. लेकीने मुद्दाम उजवीकडची जागा घेतली होती. फुजी दिसला, पूर्ण, कमरेपर्यंत बर्फ. डब्यात कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या तेवढंच.

दुपारी क्योटोचा जुना राजवाडा, गोशो. इथे आता आधी परवानगी लागत नाही, सेइशो दरवाज्यातून सरळ आत जाता येतं. १३३१ पासून मेइजी सम्राट टोकियोला जाईपर्यंत सम्राट याच जागी राहिले. इमारती मात्र आगीत पुनःपुन्हा जळाल्या. आज उभ्या आहेत त्या बहुतेक १८५५ च्या. म्हणजे एवढं सगळं बांधून झालं आणि चौदा-एक वर्षांत मालक निघून गेला. इथे बाहेरून आत बघायचं, पाऊल आत टाकायचं नाही.

सरदारांनी थांबायच्या तीन खोल्या आहेत, ओळीने. वाघाची, करकोच्यांची आणि चेरीची. ज्याचा हुद्दा मोठा तो वाघाच्या खोलीत. चटयांच्या काठाचा रंगही हुद्द्याप्रमाणे बदलतो. चेरीच्या खोलीवाल्यांनी बाहेरच्या दगडावर पादत्राणं काढून चढायचं, मोठ्या हुद्देवाल्यांना आत यायला वेगळी देवडी. बसल्या जागेवरून माणसाला आपली पायरी कळावी, एवढा स्पष्ट आराखडा.

शिशिन्देन हा मुख्य महाल. पुढे पांढऱ्या खड्यांचं विस्तीर्ण अंगण. एका बाजूला चेरीचं झाड, दुसऱ्या बाजूला ताचिबाना नावाचं संत्र्याच्या जातीचं. चेरी 'डावीकडची' म्हणतात, पण आपल्याला ती उजवीकडे दिसते, कारण डावं-उजवं सम्राटाचं धरायचं आणि सम्राट दक्षिणेला तोंड करून बसतो. आतलं सिंहासन ताकामिकुरा. १९१५ आणि १९२८ चे राज्यारोहण सोहळे इथेच झाले. १९९० आणि २०१९ चे टोकियोत झाले, तेव्हा हे सिंहासनच सुटं करून तिकडे नेलं, जोडलं, आणि परत आणलं. सुताराने ते मुळातच सुटं होईल असं केलेलं.

छपराबद्दल लिहिलं नाही तर माझं मन मला खाईल. ते हिनोकी झाडाच्या सालीचं आहे. झाड तोडत नाहीत. उभ्या, जिवंत झाडाची वरची साल काढतात, आतली ठेवतात, म्हणजे झाड जगतं आणि आठ-दहा वर्षांत साल पुन्हा येते. त्या सालीचे पातळ थर एकावर एक रचून बांबूच्या चुका मारायच्या. कारागीर चुका मूठभर तोंडात धरतो, जिभेने एक पुढे काढतो, ठोकतो, दुसरी काढतो. खालून वळचणीची जाडी बघितली, वीतभराहून मोठी आणि कडेला कातरल्यासारखी गुळगुळीत. असं छप्पर तीस-पस्तीस वर्षांत बदलावं लागतं. म्हणून ही कला टिकली, प्रत्येक पिढीच्या हाताला काम लागतंच.

बाहेर पडून तटाच्या कडेने उत्तर-पूर्व कोपऱ्यावर गेलो. तिथे भिंतीचा कोपरा आत दुमडलाय. वर वळचणीखाली लाकडी माकड, डोक्यावर टोपी, आणि पुढे जाळी. जपानात ईशान्य म्हणजे राक्षसांची येण्याची वाट. तिथे कोपराच ठेवला नाही म्हणजे राक्षसाला शिरायला जागा नाही, आणि राखणीला माकड. माकड रात्री पळून लोकांना त्रास द्यायचं, म्हणून जाळी घातली अशी गोष्ट आहे. आपल्याकडे ईशान्येला देवघर. मी लेकीला म्हटलं, तुझ्या आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "आजीने आधी माकडाला नमस्कार केला असता."

शनिवार

क्योटोचं पाहुणेघर गोशोच्या त्याच बागेत, पूर्वेच्या बाजूला. पण आकासाका बघून इथे आलं की वाटतं, शंभर वर्षांत या देशाला पाहुण्याशी काय बोलायचं ते सापडलं. हे उघडलं २००५ मध्ये. एकमजली, रुंद छपराचं, रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. आत कॉंक्रीटचा सांगाडा आहे, पण दिसतं ते लाकूड, कागद, माती आणि पाणी. क्योटोच्या कारागिरांनी केलेलं.

युबाए-नो-मा या बैठकीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर हाताने विणलेले दोन पट आहेत, एकावर चांदण्यातला हिएइ डोंगर, दुसऱ्यावर मावळतीचा आतागो. एक शहराच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. पाहुणा आत बसलेला असतो, पण शहराच्या दोन्ही बाजू त्याच्या दोन्ही बाजूंना. फुजी-नो-मा जेवणाचं दालन, तिथे फुलांचा मोठा पट, आणि रंगमंचाच्या दारांवर एरी सायोको यांची किरिकाने, म्हणजे सोन्याचा वर्ख केसासारखा कापून चिकटवलेली नक्षी.

किरी-नो-मा मध्ये एकच बुटकं टेबल, १२ मीटर लांब, काळ्या लाखेचं. आम्ही कडेला उकिडव्या बसून बघितलं, तर त्यात बागेतला मॅपल उलटा दिसत होता, पानागणिक. वाटाड्या मुलीने सांगितलं की उभं राहिलात तर दिसणार नाही, पाहुणा जमिनीवर बसलेला असतो म्हणून तेवढ्याच उंचीसाठी हे केलंय.

दोन इमारतींमध्ये तळ्यावरून पूल आहे, छपराचा. त्याच्या छताच्या कोपऱ्यांत किडे कोरलेत, रातकिडे, नाकतोडे. मान वर केली नाही तर कुणालाच कळणार नाहीत. तळ्यात रंगीत कोई मासे, ते नीगाता प्रांतातल्या यामाकोशी गावचे. २००४ च्या भूकंपाने ते गाव उद्ध्वस्त झालं, कोई पैदाशीसाठी ते प्रसिद्ध होतं. त्यांचे मासे इथे आले. ३० ऑगस्ट २०१४ ला जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी इथे नरेंद्र मोदींना जेवायला बोलावलं, तेव्हा दोघे माशांना खाणं टाकतानाचा फोटो आपल्याकडच्या पेपरांत आला होता. त्या फोटोतलं तळं हे, हे इथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. मासे कुठले ते तेव्हा कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं.

रविवार

पाऊस. कात्सुरा आणि शुगाकुइन, राजघराण्याची जुनी बागघरं. कात्सुराची फेरी सकाळी, शुगाकुइनची दुपारी, शहराच्या दोन टोकांना. कात्सुराला माणशी १००० येन, शुगाकुइन फुकट.

कात्सुरा सतराव्या शतकातलं, राजपुत्र तोशिहितो आणि मग त्याचा मुलगा तोशितादा यांनी बांधलेलं. तोशिहितोला लहानपणी हिदेयोशीने, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या सत्ताधीशाने, दत्तक घेतलं होतं. हिदेयोशीला स्वतःचा मुलगा झाला, आणि याला परत राजघराण्याकडे पाठवून नवं घराणं काढून दिलं. सत्तेजवळ जाऊन परत आलेल्या माणसाने नदीकाठी चंद्र बघायला घर बांधलं. बाहेरचं कुंपण जिवंत बांबूचं आहे, उभे बांबू वाकवून खाली बांधलेले, वर पानं हलतात.

आत शिरताच समोर तळं दिसायला हवं, तिथे नेमकं एक बुटकं पाइनचं झाड. पुढे वळेपर्यंत काहीच दिसू देत नाही. पायाखाली वेगवेगळ्या आकाराचे दगड, त्यात आज ओले. पडू नये म्हणून खाली बघत चालावं लागतं. मग एक मोठा सपाट दगड येतो, पाय स्थिरावतात, मान आपोआप वर होते, आणि तिथेच ते दृश्य ठेवलेलं असतं. दर वेळी. चौथ्यांदा झालं तेव्हा मला कळलं की कुठे बघायचं हे बाग रचणारा आपल्या पायांना सांगतोय. शोकिन्तेइ या चहाघराच्या आत निळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद, आजच्या कुठल्याही घरात शोभेल असा. जुन्या शोइनपुढे, म्हणजे मुख्य घरापुढे, बांबूचा ओटा, चंद्र बघायचा. त्यावर पाऊस पडत होता. घराची जमीन उंच उचललेली, कारण नदीला पूर येतो. जर्मन वास्तुकार ब्रुनो टाउट १९३३ मध्ये इथे आले आणि त्यांच्यामुळे जगाचं लक्ष इकडे गेलं. आमच्या ऑफिसात जुन्या मासिकात याचं एक धुरकट छायाचित्र होतं, ते मी तीस वर्षं बघत आले होते. त्यात पावसाचा आवाज नव्हता.

ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बसमध्ये नाही खाल्ले, स्टॉपवर उभ्याने खाल्ले. दुपारी पाऊस थांबला.

शुगाकुइन डोंगराच्या उतारावर. गो-मिझुनोओ सम्राटांनी १६२९ मध्ये शोगुनांशी पटेना म्हणून गादी सोडली, लहानग्या मुलीला बसवलं, आणि पुढे १६५० च्या दशकात हे घडवलं. तीन बागा, खालची, मधली, वरची. आणि त्यांच्या मधे भातशेती. खरीखुरी. १९६४ मध्ये सरकारने ती जमीन विकत घेतली, बाजूला इमारती उठू नयेत म्हणून, आणि गावच्या शेतकऱ्यांनाच कसायला दिली.

सगळ्यात वर रिनउनतेइ. सम्राटाचं हे घर म्हणजे एक छप्पर, काही चटया आणि तिन्ही बाजूंनी उघडी ओसरी. चित्र नाही, वर्ख नाही. ओसरीखालच्या चोपलेल्या जमिनीत बोटाच्या पेराएवढे खडे बसवलेत, लालसर आणि काळसर. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. 'एक-दोन-तीन दगड' असंच त्यांचं नाव. मी खाली वाकून मोजायला लागले. समोर तळं, त्यापलीकडे क्योटो, त्यापलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि त्या सगळ्याकडे पाठ फिरवून मी जमिनीकडे बघत होते. गटाच्या शेवटी चालणारा पहारेकरी थांबला. घाई केली नाही.

उतरताना वाट शेतांतून जाते. भात कापून झालेलं, खुंट ओळीने उभे, मधे पाणी साचलेलं. आमच्या भोरच्या खाचरांत दिवाळीनंतर असंच दिसतं. बांधालगत एक आजी मुळे उपटत होत्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. लेकीने वाकून नमस्कार केला, मीही केला. त्यांनी हातातला मुळा बांधावर ठेवला, कंबरेत वाकून उलट नमस्कार केला, आणि माझ्या चिखल लागलेल्या बुटांकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

"काय गं?"

"विचारतायत, वरचे खडे मोजलेत का."